टेक्का सेंटर, लिटल इंडिया, सिंगापूर: अनोळखी माणसांच्या पंगतीत

सेरंगून रोड आणि बफेलो रोड यांच्या कोपऱ्यावरील टेक्का सेंटरमध्ये मी गेली सहा वर्षे आठवड्यातून दोनदा तरी जेवतो. १९८२ साली उघडलेल्या या इमारतीत तळमजल्यावर मासळी-भाजीचा बाजार आणि त्याला लागूनच खाण्याचे गाळे आहेत. वातानुकूलन नाही, दुपारी उकाडा असह्य होतो आणि बारा वाजल्यानंतर जागा मिळवणे कठीण जाते. तरीही सिंगापुरात नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी सर्वप्रथम येथेच घेऊन येतो.

येथील मटण दम बिर्याणी अवश्य घ्यावी. भात मोकळा असतो, मसाला आतपर्यंत मुरलेला असतो आणि मटण बोट लावताच हाडापासून सुटते. काही पावलांवर चिनी गाळ्यांत बदकाचे मांस आणि भात मिळतो, तर समोर तव्यावर पराठे भाजले जात असतात. चहा मागताना ‘तेह-ओ कोसोंग’ म्हणावे. यातील ‘ओ’ हा हॉकियन या चिनी बोलीतला काळा, म्हणजे बिनदुधाचा, आणि ‘कोसोंग’ म्हणजे मलय भाषेतले शून्य, अर्थात साखर नको. आणि हे ऐकून चहा करणारे गृहस्थ तमिळ असतात.

मागच्या महिन्यात माझ्या टेबलावर एक मलय आजी आणि एक चिनी गृहस्थ होते. आजींचा ट्रे हलाल अन्नासाठीचा, गृहस्थांचा हलाल नसलेल्या अन्नासाठीचा. जेवण झाल्यावर आजींना उठायला त्रास होतो हे पाहून त्या गृहस्थांनी दोन्ही ट्रे उचलले आणि न विचारता, न चुकता प्रत्येक ट्रे त्याच्या त्याच्या वेगळ्या रॅकवर नेऊन ठेवला. आजींनी ‘थँक्यू, अंकल’ एवढेच म्हटले. दुसऱ्याच्या ताटाचा नियम आपला असल्यासारखा पाळायचा, हे त्या हाताला सवयीने ठाऊक होते.

सिंगापुरात दरवर्षी २१ जुलैला वांशिक सलोखा दिन साजरा होतो. १९६४ मध्ये याच तारखेला उसळलेल्या दंगलीची ती आठवण असते, आणि शाळांतील मुले साडी, चिनी चिओंगसाम, मलय बाजू कुरुंग असे पोशाख घालून येतात. माझी मुलगीही अशी सजून शाळेत गेली आहे आणि त्या दिवसाचे मोल मला मान्य आहे. मात्र त्याच शहरात घर शोधत असताना एका दलालाने मला फोनवर, आडनाव ऐकताच, मालकाला भारतीय भाडेकरू नको असल्याचे सांगितले होते. सरकारी वसाहतींत प्रत्येक इमारतीतील वंशांचे प्रमाण १९८९ पासून नियमाने ठरलेले आहे, त्यामुळे शेजार मिळतो. परंतु शेजाऱ्याचे जेवण, त्याचा सोवळा नियम आणि त्याचे थकलेले गुडघे लक्षात ठेवण्याची सक्ती कोणताही नियम करू शकत नाही. माझ्या मुलीने ते टेक्कातल्या टेबलावर पाहिले, आणि आता तीही ट्रे ठेवण्यापूर्वी रॅकवरची पाटी वाचते.

स्वच्छता ठीक आहे, दर सिंगापूरच्या मानाने माफक आहेत. साडेअकराच्या सुमारास यावे. टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवलेले दिसले, तर ती जागा कोणीतरी राखलेली आहे असे समजावे. अन्यथा बसलेल्या माणसाला विचारून समोरची खुर्ची घ्यावी. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.