गिळण्याच्या त्रासावर अ‍ॅक्युप्रेशर: पुण्यातील एका केंद्राचा अनुभव

पक्षाघातानंतर वडिलांना गिळण्याचा त्रास सुरू झाला. रुग्णालयातून घरी येऊन काही महिने उलटले तरी पाण्याच्या घोटाला ठसका लागणे थांबेना, म्हणून आम्ही त्यांना पुण्याच्या पेठ भागातील एका अ‍ॅक्युप्रेशर केंद्रात नेऊ लागलो. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझे आक्षेप एका दुकानापेक्षा या उपचाराच्या प्रचलित पद्धतीवर अधिक आहेत.

जागा स्वच्छ आहे, वेळ पाळली जाते आणि उपचार करणाऱ्या बाईंचा हात हलका आहे. भिंतीवर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे छायाचित्र आहे. वास्तविक कोटणीस ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून १९३८ साली चीनला गेले, त्यातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे पुन्हा तिथे जाऊन अ‍ॅक्युपंक्चर (दाबाऐवजी सुया टोचण्याचा चिनी उपचार) शिकून ते भारतात आणले. कोटणीस शल्यचिकित्सक होते, पण छायाचित्र त्यांचेच लावले जाते. असो. कंठमण्याच्या वर, हनुवटीखालच्या मध्यरेषेवर असलेला ‘लियानक्वान’ आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधला ‘हेगू’ हे येथील मुख्य बिंदू. दाबानंतर वडिलांची ताठरलेली मान सैल होई, तोंडाला लाळ सुटे आणि त्यांना बरे वाटे. एवढे श्रेय केंद्राला निःसंकोच दिले पाहिजे.

अडचण सुधारणा मोजण्याच्या रीतीत आहे. उपचार संपल्यावर तिथे पेलाभर पाणी प्यायला देतात आणि ठसका लागला नाही तर सुधारणा झाली असे सांगतात. पक्षाघातात घशाची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि अशा वेळी पाणी श्वासनलिकेत उतरले तरी खोकला येत नाही. ज्या शांततेवर तिथे समाधान व्यक्त होते, तीच न्यूमोनियाची नांदी ठरू शकते. नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियम मिसळलेला घास क्ष-किरणांखाली पाहून ही गोष्ट तपासता येते. पण अशी तपासणी झाली आहे का, हे पहिल्या भेटीत आम्हाला कोणी विचारलेही नाही. मानेच्या बाजूलाही दाब दिला जाई, तो मी थांबवायला सांगितला. तिथे मेंदूला रक्त पुरवणारी धमनी असते, आणि वृद्ध माणसाच्या त्या जागी दाबल्यास नाडी व रक्तदाब एकदम उतरू शकतात.

परिणामकारकतेचा पुरावा म्हणून दाखवले जाणारे अभ्यास बव्हंशी चीनमधले, लहान आणि सुयांच्या उपचाराचे आहेत. त्यांतील अनेकांत रुग्णांना गिळण्याचे नेहमीचे प्रशिक्षणही दिले जात होते. त्यांवरून नुसत्या बोटांच्या दाबाबद्दल निष्कर्ष काढणे मला पटत नाही.

वडिलांच्या जेवणात खरा फरक पडला तो स्पीच थेरपिस्टकडे (बोलण्याबरोबरच गिळण्याच्या त्रासावरही उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे) गेल्यावर. त्यांनी आधी तपासणी करवली, मग जोर लावून गिळण्याचा सराव दिला, हनुवटी छातीकडे झुकवून घास घ्यायला शिकवले (ही युक्ती सर्वांना चालत नाही, तपासूनच सांगतात) आणि पाणी दाट करून द्यायला सांगितले. आमटी-भात बंद झाला, कारण पातळ रस आणि शिते एकाच घासात सांभाळणे अशा रुग्णाला अवघड जाते. त्याऐवजी घोटलेला, एकजीव मऊ भात सुरू झाला. हे सर्व कंटाळवाणे आहे आणि घरच्यांची चिकाटी पाहणारे आहे.

मानदुखी किंवा ताण यांसाठी केंद्राला मी पाचपैकी चार गुण देईन, गिळण्याच्या त्रासासाठी मात्र एकच. ज्यांना तरीही जायचे असेल त्यांनी तपासणीचा अहवाल सोबत न्यावा, मानेच्या बाजूला हात लावू देऊ नये, तिथे पाणी पिऊ नये आणि संपूर्ण ‘कोर्स’चे पैसे आगाऊ भरू नयेत, आमचे उरलेल्या बैठकांचे पैसे परत मिळाले नाहीत.