‘सिन्स’ आणि ‘फॉर’ : सदाशिव पेठेतील रविवारच्या एका वर्गाविषयी

भोसरीच्या एका कारखान्यात मी सतरा वर्षे विक्री विभागाचा पत्रव्यवहार सांभाळत आहे आणि या काळात ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सेव्हन्टीन इयर्स’ या धाटणीची वाक्ये किती ग्राहकांना धाडली असतील, याची मोजदाद नाही. अर्थ कळत असल्यामुळे कोणी कधी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती भाचीने, आणि तिच्याच आग्रहाने मी सदाशिव पेठेत दर रविवारी सकाळी भरणाऱ्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातले. आठ रविवार, प्रत्येकी दीड तास आणि शुल्क 2,400 रुपये. त्यातील दोन रविवार केवळ ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ या शब्दांना दिले होते, आणि माझे पैसे त्या दोन दिवसांतच वसूल झाले असे मी मानतो.

बाईंनी आरंभी इंग्रजीचा नियम सांगितलाच नाही. त्यांनी फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहिली : ‘मी 2008 पासून पुण्यात राहतो’ आणि ‘मी सतरा वर्षांपासून पुण्यात राहतो’. दोन्हीकडे ‘पासून’ आहे आणि आपली चूक तिथेच जन्माला येते, कारण पहिल्या वाक्यात काळाचा आरंभबिंदू सांगितला आहे, तर दुसऱ्यात काळाची लांबी. मराठीला हे दोन्ही एकाच शब्दयोगी अव्ययाने भागवता येते. इंग्रजी मात्र आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि लांबीसाठी ‘फॉर’ वापरते. शिवाय ‘स्वारगेटपासून शिवाजीनगरपर्यंत’ म्हणताना हाच ‘पासून’ ‘फ्रॉम’चेही काम करतो, त्यामुळे बिचाऱ्या एका अव्ययाच्या डोक्यावर तीन इंग्रजी शब्दांचे ओझे आहे.

यावर बाईंनी दिलेली कसोटी मला अतिशय आवडली. ‘पासून’ काढून टाकावा, त्या जागी आधी ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून पाहावे, आणि वाक्य उभे राहिले तर ‘फॉर’ घ्यावा. ‘गेली सतरा वर्षे मी पुण्यात राहतो’ हे उत्तम मराठी आहे. ‘गेले 2008 मी पुण्यात राहतो’ असे कोणी म्हणणार नाही. एका मुलाने लगेच ‘गेल्या सोमवारपासून मी आजारी आहे’ हे वाक्य पुढे केले, कारण त्यात ‘गेल्या’ आधीच बसलेला आहे. बाईंनी शांतपणे त्यातला ‘पासून’ पुसला. ‘गेला सोमवार मी आजारी आहे’ हे वाक्य लंगडते. म्हणजे सोमवार हा बिंदू आहे आणि तिथे ‘सिन्स लास्ट मंडे’च हवे.

उदाहरणेही त्यांनी पुण्यातलीच घेतली. ‘केसरी’ 1881 पासून निघत आहे, तेव्हा तिथे ‘सिन्स’. पानशेतचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले, त्या दिवसापासूनच्या गोष्टींसाठीही ‘सिन्स’, मग त्याला कितीही वर्षे लोटलेली असोत. छापील टिपणांत मात्र जॉन आणि मेरीच आहेत, आणि त्यांच्या संसारात कोणाला रस वाटावा असे काही नाही.

उणीव आहे ती क्रियापदाच्या बाबतीत. मराठीत ‘राहतो’ हा साधा वर्तमानकाळ चालतो, पण आजवर चालू असलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीला ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते. म्हणजे माझ्या मूळ वाक्यात ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ घातला तरी ‘ॲम वर्किंग’ची चूक तशीच राहते. या मुद्द्याला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. ‘आय लिव्ह्ड इन सोलापूर फॉर सिक्स इयर्स’ म्हटले की सोलापूर सुटले, आणि ‘आय हॅव लिव्ह्ड’ म्हटले की मुक्काम अजून तिथेच आहे, हा फरक तर मला भाचीने घरी समजावला. ‘सिन्स’चा ‘ज्याअर्थी’ हा दुसरा अर्थ एका वाक्यात उरकला गेला, परंतु त्याने फारसे अडत नाही.

टिपणांतील एक विधान मात्र दुरुस्त व्हायला हवे. ‘सिन्स’च्या शेजारी वर्षांची संख्या कधीच येत नाही, असे तिथे ठळक अक्षरांत छापले आहे. ती संख्या ‘सिन्स’च्या नंतर येत नाही, हे खरे, आधी मात्र खुशाल येते. ‘इट इज सेव्हन्टीन इयर्स सिन्स आय केम टू पुणे’ हे वाक्य शुद्ध आहे, आणि गंमत अशी की ‘मला पुण्यात येऊन सतरा वर्षे झाली’ या आपल्या नेहमीच्या वाक्याशी ते जवळपास शब्दागणिक जुळते. मी हे बाईंना दाखवले, तेव्हा त्यांनी कोणताही आव न आणता ते मान्य केले आणि आपल्या प्रतीत पेन्सिलीने नोंद केली. पुढच्या तुकडीच्या हाती पडलेली टिपणे मात्र जुन्याच छपाईची होती.

शाळेत व्याकरण शिकूनही ज्यांची वाक्ये आतून मराठी राहिली आहेत, अशा नोकरदारांना हा वर्ग मी निःसंकोच सुचवेन. अस्खलित संभाषणाची अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांची निराशा होईल, कारण तिथे बोलण्यापेक्षा लिहिण्यावर भर आहे. दुचाकी लावायला जागा नाही, आणि मागच्या बाकांवर पंख्याच्या घरघरीत बाईंचा आवाज पोहोचत नाही, तेव्हा दहा मिनिटे आधी जाऊन पुढची जागा धरावी.