सेसना घ्यावं की पायपर? आधी टाकी बघा

पेडण्यातले तीन मित्र मिळून जुनं विमान घेतायत. सेसना 172 एन की पायपर वॉरियर टू, यावर गाडी अडलीय. इंजिनावरून ठरवायला गेलात तर ठरणारच नाही. दोन्हीत लायकोमिंगच्या ओ-320 घराण्यातलं 160 अश्वशक्तीचं इंजिन, दोन्ही ताशी साधारण 32 लिटर ॲव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, पितात. फरक आहे तो टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत, आणि हवेत बंद पडलेली बरीच इंजिनं ठणठणीत असतात, पेट्रोलच पोचलेलं नसतं.

सेसनाचे पंख वर. पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येतं, 172 एनला इंधनपंपच नाही. सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारी खिट्टी, ‘बोथ’वर (दोन्हींवर) ठेवला की दोन्ही टाक्या चालू. पायपरचे पंख खाली, म्हणून इंजिनाचा पंप आणि जोडीला इलेक्ट्रिक पंप. ‘बोथ’ नाहीच, डावी नाहीतर उजवी. वापरता येणारं पेट्रोल 182 लिटर, सेसनाच्या साध्या टाक्यांत 151. पण पायपरमध्ये एका वेळी हाताशी निम्मंच. पावणेतीन तासांनी एक टाकी कोरडी, दुसरी काठोकाठ, आणि पुढचा पंखा (प्रॉप) गप्प. म्हणून जुने पायलट घड्याळाचा मिनिटकाटा ज्या बाजूला असेल ती टाकी लावतात. सिलेक्टर कुठे आहे तेही बघा: सेसनात दोन सीटांच्या मध्ये, वॉरियरमध्ये पायलटच्या डाव्या भिंतीवर, म्हणजे शेजारच्याचा हात पोचत नाही. गायक जॉन डेन्व्हर 1997 मध्ये कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळला, त्या विमानात सिलेक्टर पायलटच्या डाव्या खांद्यामागे होता.

आता आपली हवा. एका सप्टेंबरात, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, टाकीत पाणी शिरलंय का ते बघायला मी सेसनाच्या पंखाखालून पेट्रोलचा नमुना नळीत काढला. नळीत अगदी स्वच्छ. इतकं स्वच्छ की मी पुढच्या पंखाकडे वळलोसुद्धा. मग डोक्यात आलं, ॲव्हगॅस 100 एलएल निळं असतं! नळीत निव्वळ पाणी होतं. चौथ्या नळीला वर फिकट निळं आलं, तळाशी मण्याएवढा थेंब. टाकीच्या सपाट झाकणाचं रबर कडक झालं होतं, पाणी तिथूनच शिरलं. पायपरचं झाकण कमरेच्या उंचीवर, उभ्या उभ्या आत डोकावता येतं. सेसनाला शिडी लागते, आणि शिडी नेमकी कुणीतरी नेलेली असते.

गोव्यात बर्फ म्हटलं की लोक हसतात. पण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस अंशांनीही घसरतं, दमट हवेत 25 अंशांनाही आत बर्फ धरतो. सेसनात पॉवर कमी करून उतरताना कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा, लावतातच. पायपरमध्ये गरज पडली तर.

इंजिन गेलंच तर 3000 फुटांवरून दोन्ही साधारण आठ किलोमीटर तरंगतील. सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, वरून मैदानासारखा दिसतो, जवळ गेल्यावर चिरेखाणी दिसतात. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, चिखलात चाक रुतून विमान उलटू शकतं. तेव्हा दारं मोजा: सेसनाला दोन, वॉरियरला उजवीकडे एकच.

महिन्यातून दोनदाच उडणार असाल तर माझं मत सेसनाला. पायपर घ्यायचं तर तिघांपैकी प्रत्येकाने आधी मिनिटकाट्याची सवय लावून घ्यावी, फक्त एकाने नव्हे. आणि सेसनाच घेतलंत तर विकणाऱ्याकडून झाकणांची रबरं नवी घालून घ्या. शिडी मात्र स्वतःची आणा, कुलूप लावून ठेवा.