कॅनडा, जर्मनी की ऑस्ट्रेलिया? नाशिकहून फाइल लावण्याआधीची तुलना

कॉलेज रोडवरच्या कुठल्याही कन्सल्टंटकडे गेलात की दोन प्रश्न ठरलेले असतात: बजेट किती आणि इंग्रजीच्या आयल्ट्स परीक्षेचे बँड किती. जिथे जायचं आहे त्या देशात ‘बाहेरचे किती येऊ द्यायचे’ या वादात सध्या कोणाचं पारडं जड आहे, हे मात्र सहसा कुणी काढत नाही. २०२१-२२ मध्ये तो प्रश्न सोडून दिला तरी चालून जायचं. आता शिक्षणाची दोन वर्षं आणि घर तारण ठेवून काढलेलं कर्ज त्यावरच अवलंबून असतं.

नाशिककरांना हा वाद नवा वाटायचं कारण नाही. गंगापूर आणि दारणातून जायकवाडीला किती पाणी सोडायचं, यावर टंचाईच्या वर्षी जे रण पेटतं तेच इथेही असतं. धरणात पाणी किती, हा त्यातला अर्धाच प्रश्न. सोडायचा आकडा कोण ठरवतो, तो ऐनवेळी बदलतो का, आणि कपात झाली तर पहिली कोणाच्या पाटावर, हा उरलेला अर्धा. तिन्ही देशांकडे तसंच पाहू. आकडे २०२५ अखेरपर्यंतचे आहेत.

| | कॅनडा | जर्मनी | ऑस्ट्रेलिया |
|---|---|---|---|
| आकडा कोण ठरवतं | मंत्री, तीन वर्षांचा आराखडा | आकडा नाही, कायद्यातल्या अटी | सरकार, दरवर्षी जुलै ते जून |
| एका विद्यार्थ्याने दाखवायचा राहण्याचा खर्च (वर्षाचा) | २२,८९५ डॉलर | ११,९०४ युरो | २९,७१० डॉलर |
| शिकताना काम | आठवड्याला २४ तास | वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस | पंधरवड्याला ४८ तास |
| मास्टर्सनंतर | ३ वर्षांपर्यंत वर्क परमिट | नोकरी शोधायला १८ महिने | भारतीयांना ३ वर्षांपर्यंत |

डॉलर त्या त्या देशाचा. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या रकमेवर पहिल्या वर्षाची फी वेगळी धरायची. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी सुरू केली आहे.

कॅनडा: आकडा जाहीर, पण कात्री दुसरीकडे

नोव्हेंबर २०२३ च्या आराखड्यात २०२५ साठी ५ लाख पीआर (कायमच्या रहिवासाचे परवाने) ठरले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच वर्षाचा आकडा ३,९५,००० झाला. नोव्हेंबर २०२५ च्या आराखड्यात २०२६, २०२७ आणि २०२८ या तिन्ही वर्षांसाठी ३,८०,००० आहेत. वरवर पाहिलं तर पाचातला एक-सव्वा लाख गेला, एवढंच दिसतं.

खरी गोष्ट अशी की हा आराखडा पूर्वी फक्त पीआर मोजायचा. विद्यार्थी आणि वर्क परमिटवाले त्यात धरलेच जात नव्हते. कॉलेजांना परदेशी फी हवी होती, दुकानांना स्वस्तात माणसं हवी होती, आणि २०२३ या एका वर्षात देशाची लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी वाढली. घरभाडी भडकली. एन्व्हायरॉनिक्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी ‘फार जास्त येताहेत’ असं सांगितलं. त्यानंतर तात्पुरत्या रहिवाशांना पहिल्यांदाच मर्यादा पडली: २०२७ अखेर ते लोकसंख्येच्या ५ टक्क्यांखाली आणायचे. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचं लक्ष्य ३,०५,९०० होतं, ते २०२६ साठी १,५५,००० झालं. म्हणजे पीआरची कपात चौथ्या हिश्श्याएवढी आणि विद्यार्थ्यांची जवळपास निम्मी.

म्हणून ‘कॅनडा अजून पावणेचार लाखांना पीआर देतोय’ हे एजंटचं वाक्य खरं असूनही तुमच्या उपयोगाचं नाही. ती जागा मिळण्याआधी तुम्ही त्या १,५५,००० मध्ये बसायला हवं.

आता फाइल. विद्यार्थ्यांच्या अर्जांची झटपट रांग, म्हणजे स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम, ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, त्यामुळे वीस दिवसांत व्हिसाच्या गोष्टी जुन्या समजा. कॉलेजच्या ऑफर लेटरबरोबर प्रांताचं अटेस्टेशन लेटरही (तिथल्या प्रांत सरकारच्या कोट्यात तुम्ही बसता याचं पत्र) लागतं. सरकारी विद्यापीठातल्या मास्टर्स आणि पीएचडीला १ जानेवारी २०२६ पासून त्यातून सूट आहे. जोडीदाराला वर्क परमिट हवं असेल तर मास्टर्स किमान १६ महिन्यांचं हवं. नाशिकमधून जाणारी बरीच जोडपी इथेच फसतात: कोर्स स्वस्त म्हणून बारा महिन्यांचा घेतला जातो आणि बायको किंवा नवरा नाशिकमध्येच राहतो.

सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे दोन वर्षांचा ‘बिझनेस मॅनेजमेंट’ किंवा ‘हॉस्पिटॅलिटी’ डिप्लोमा. १ नोव्हेंबर २०२४ नंतर स्टडी परमिटचा अर्ज केलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट फक्त ठरावीक विषयांतच मिळतं. आरोग्य, शेती, बांधकाम, वाहतूक असे विषय त्या यादीत आहेत, पण यादी मधूनमधून बदलते. विद्यापीठाच्या पदवीधरांना विषयाची अट नाही, इंग्रजीची मात्र आहे. परमिट नाही म्हणजे तिथला अनुभव नाही. अनुभव नाही म्हणजे एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर पीआरसाठी होणाऱ्या निवडीत, त्याचे गुण नाहीत. नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले, तेव्हा ‘एलएमआयए (परदेशी माणूस नेमायची मालकाला लागणारी परवानगी) करून देतो, दहा लाख द्या’ म्हणणाऱ्याला हात जोडून निरोप द्या.

एक आडवाट उघडी आहे: फ्रेंच. फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांताबाहेर फ्रेंच बोलणारे वाढवायचे हे तिथल्या सरकारचं धोरण आहे. त्यामुळे मार्च २०२५ मध्ये फ्रेंचच्या एका फेरीचा कटऑफ ३७९ पर्यंत उतरला, तर कॅनेडियन अनुभवाच्या फेऱ्या पाचशेच्या वरच राहिल्या. पंचविशीतल्या, कर्ज न काढू शकणाऱ्या पदवीधराला आमच्या मते वर्ष-दीड वर्ष फ्रेंच शिकणं डिप्लोमापेक्षा स्वस्त पडेल.

जर्मनी: आकडा नाही, पण दार अरुंद

जर्मनीतही वाद कमी तापलेला नाही. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणारा एएफडी हा पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. फरक असा की तिथली भांडणं मुख्यतः आश्रय मागणाऱ्या निर्वासितांवरून होतात. कुशल कामगारांबद्दल कारखानदार आणि एएफडी सोडून इतर मोठे पक्ष यांचं बऱ्यापैकी एकमत आहे, कारण काम करणाऱ्या वयाची माणसं घटताहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं. तो हेतू आहे, कोटा नाही. अटी पूर्ण केल्या तर ९०,००१ वा अर्जही चालतो.

अटी कायद्यात असल्याने मंत्र्याने सकाळी पत्रक काढलं आणि दुपारी दार बंद झालं, असं सहज होत नाही. नागरिकत्वाचंच पाहा. २०२४ च्या सुधारणेतला तीन वर्षांचा झटपट मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाला, पण पाच वर्षांचा तसाच राहिला. (भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, हा हिशेब वेगळा करायचा.)

नोकरी हातात नसेल तर चान्सनकार्टे, म्हणजे वर्षभर तिथे राहून नोकरी शोधायची परवानगी. पदवीला तिथे पूर्ण मान्यता नसेल तर ६ गुण लागतात. वय ३५ च्या आत २, पस्तीस ते चाळीस १. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असेल तर २, सातांत पाच वर्षांचा असेल तर ३. जर्मन भाषेच्या ए-२ पातळीला १, बी-१ ला २, बी-२ ला ३. टंचाईच्या व्यवसायाला १. अंबडच्या कारखान्यात चार वर्षं काढलेला २९ वर्षांचा बी.ई. मेकॅनिकल घ्या: वयाचे २, अनुभवाचे २, बी-१ चे २, झाले सहा. त्याने फक्त ए-२ केलं तर पाचच होतात आणि सहावा गुण व्यवसायाच्या यादीसारख्या दुसऱ्या निकषावर मिळवावा लागतो. महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे वर्षाचे १३,०९२ युरो ब्लॉक अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) ठेवावे लागतात, आणि नोकरी मिळेपर्यंत आठवड्याला २० तासच काम करता येतं. विद्यापीठ अनाबिन या जर्मन सरकारी यादीत ‘एच प्लस’ (म्हणजे मान्य) आहे का ते आधी तपासा. आयटीआय किंवा डिप्लोमावाल्यांना झेडएबी या कार्यालयाकडून मूल्यांकनाचं पत्र आणावं लागतं.

विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये. ते यायला वेळ लागतो आणि हिवाळी प्रवेशाच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला संपते. निकालाची वाट पाहत मेमध्ये एपीएसचा अर्ज केलेल्यांचं वर्ष तिथेच जातं.

नर्सिंगला मागणी खरी आहे, ‘तीन महिन्यांत जर्मनी’ हे खोटं आहे. आधी इथल्या पदवीची तपासणी होते, मग ‘या या बाबतीत कमी पडता’ असं पत्र येतं, ती कमतरता तिथे कोर्स किंवा परीक्षा देऊन भरून काढायची, आणि तोवर पगार साहाय्यकाचा. भाषा बहुतेक ठिकाणी बी-२. शून्यापासून तिथे पोचायला रोज तीन तास देऊनही वर्षभर जातं, आणि परीक्षेसाठी पुणे-मुंबईच्या गोएथे केंद्रांच्या तारखा धरून ठेवाव्या लागतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्गशी मनुष्यबळाचा करार केला. पण करार दोन सरकारांत झाला म्हणून कुणाला बी-१ मधून सुटका मिळाली नाही.

ऑस्ट्रेलिया: दार उघडं, तिकीट महाग

इथे कायमच्या व्हिसाचा आकडा स्थिर आहे: २०२४-२५ मध्ये १,८५,००० आणि २०२५-२६ मध्येही तेवढाच, त्यातल्या १,३२,२०० जागा कुशल कामगारांच्या. तेव्हाचे विरोधी पक्षनेते पीटर डटन यांनी तो १,४०,००० वर आणण्याचं वचन दिलं होतं. मे २०२५ मध्ये ते निवडणूक तर हरलेच, स्वतःची जागाही गमावून बसले. म्हणून वाद मिटला असं नाही. ऑगस्ट २०२५ च्या स्थलांतरविरोधी मोर्चांच्या पत्रकांत भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता.

आकड्याला हात न लावता सरकारने किंमत वाढवली. स्टुडंट व्हिसाची फी ७१० डॉलर होती, जुलै २०२४ मध्ये १,६०० आणि जुलै २०२५ मध्ये २,००० झाली. नामंजूर झाला तरी परत मिळत नाही. नव्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय मर्यादा २०२५ ला २,७०,००० होती, २०२६ ला २,९५,०००. शिक्षणानंतरच्या व्हिसाची वयोमर्यादा आता बहुतेकांना ३५, तेव्हा तेहतिसाव्या वर्षी दोन वर्षांचं मास्टर्स घेणाऱ्याने कॅलेंडर समोर ठेवावं.

पॉइंट्सच्या व्हिसाला किमान ६५ लागतात, पण ६५ वर बोलावणं येईलच असं नाही. सुतार, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना स्किल असेसमेंट (कौशल्याची तिथल्या संस्थेकडून तपासणी) जमलं तर बरी संधी असते. अडचण पुराव्याची येते. सातपूरच्या लहान वर्कशॉपमध्ये सात वर्षं रोखीने पगार घेतलेल्या वेल्डरकडे हात आहे, पण पगारपत्रक नाही, पीएफ नाही, फॉर्म १६ नाही. जाण्याचा विचार असेल तर आजपासून पगार बँकेत घ्या. भारतीय पदवीधरांसाठीची ‘मेट्स’ योजना वर्षाला ३,००० जणांची. वय ३० पर्यंत, एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत पहिल्या शंभरातल्या संस्थेची पदवी, ठरावीक विषय, आणि तरीही सोडत. पंचवीस डॉलर टाकून नशीब आजमावायला हरकत नाही, त्यावर बेत आखू नये.

ब्रिटनचं थोडक्यात: शिक्षणानंतरची दोन वर्षं जानेवारी २०२७ पासून पीएचडी सोडून इतरांना दीड होणार, आणि केअर वर्करची परदेशी भरती जुलै २०२५ मध्ये बंद झाली. कर्ज काढून तिकडे जाण्यात अर्थ उरलेला नाही.

मग कोणी काय निवडावं

कपात होते तेव्हा क्रम साधारण असा दिसतो: आधी विद्यार्थ्यांचे जोडीदार, मग लहान कोर्सचे विद्यार्थी, मग कमी पगाराची कामं, आणि शेवटी पीआर. मतदार भाड्याच्या घरावरून चिडलेला असतो आणि कारखानदाराला माणसं हवीच असतात. दोघंही खरं बोलतात. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीय कामगार नाशिक सोडून गेले तेव्हा सातपूर-अंबडच्या मालकांनी हे जवळून पाहिलं आहे. असा पेच पडला की सरकार ज्यांना मत नाही आणि ज्यांचा परवाना नुसत्या आदेशाने बदलता येतो, त्यांच्यावर कात्री चालवतं.

त्यामुळे अनुभवी इंजिनिअर, नर्स, ज्याला वर्षभर भाषेला देता येईल असा कुणीही: जर्मनी. तिथे जायला उशीर होतो, पण तो इथे घरी राहून, डोक्यावर कर्ज न घेता. घरून फीची सोय आहे, चांगल्या सरकारी विद्यापीठात मास्टर्स मिळतं आहे: कॅनडा, आणि सोबत फ्रेंच. कागदपत्रं चोख असलेला, तिशीच्या आतला कारागीर किंवा शिक्षक-नर्स: ऑस्ट्रेलिया. बारावीनंतर लगेच पाठवायचं म्हणणाऱ्या पालकांनी पदवी इथेच होऊ द्यावी. त्या चार वर्षांत तिन्ही देशांचे नियम आणखी दोनदा बदललेले असतील.

कन्सल्टंटकडून कॅनडाचा परवाना क्रमांक मागा आणि तिथल्या सरकारमान्य यादीत स्वतः तपासा. नोकरीसाठी पाठवणारा एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा. त्याला कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत.

आणि देश कोणताही असो, नावाचं काम आधी उरकून घ्या. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर नावाची मांडणी वेगळी, लग्नानंतर आडनाव निराळं, आणि विद्यापीठाच्या पदवीवर एखादं अक्षर तिसरंच. एपीएस असो वा स्किल असेसमेंट, फाइल इथे अडकते. प्रतिज्ञापत्र आणि गरज असेल तर राजपत्रातली नोंद नाशिकमध्येच करून ठेवा, म्हणजे मुंबईच्या अपॉइंटमेंटसाठी पंचवटी एक्सप्रेस एकदाच पकडावी लागेल.