रंगवलेल्या फर्निचरवर सोनेरी चमक: वॅक्स, मेटॅलिक पेंट की वर्ख?

समोरच्या वहिनींनी जुनं ड्रेसिंग टेबल स्वतः रंगवलं, गडद हिरवं, अगदी झकास. पण रंग दिल्यावर आरशाच्या चौकटीवरची कोरलेली वेलबुट्टी गायबच झाली, सगळं एकसारखं हिरवं. आता त्यांना त्यावर सोनेरी पाहिजे. सोबत एक चौरंग पण आहे आणि देव्हाऱ्याचा कळस पण, आणि तिन्हीला एकच काहीतरी आणून भागवायचंय. तिथंच गडबड आहे ओ, एकाच डबीत तिन्ही कामं होत नाहीत.

माझं मत आधीच सांगते. कुठलं जास्त चमकतं ते नंतर बघा, आधी त्या जागेला हात किती लागतो, तेल किती लागतं आणि ऊन किती लागतं ते बघा.

मेटॅलिक वॅक्स, म्हणजे ज्याला गिल्डिंग वॅक्स म्हणतात ते, मुळात मेण, त्यात चमकीची बारीक पूड आणि थोडं सॉल्व्हंट. बूट पॉलिशसारखं दिसतं आणि लावायचं पण जवळजवळ तसंच. बोटाला नखाएवढं घ्यायचं, आधी कागदावर पुसून कमी करायचं आणि उठावावरून हलकं फिरवायचं. बोट खोल जागेत पोचत नाही म्हणून खाली मूळ रंग राहतो आणि फक्त वरचं कोरीवकाम उजळतं, ही त्याची खरी गंमत. ब्रशनं पेंट करून हे इतकं सहज होत नाही. पेंट कुठून सुरू झाला ते कळतं, वॅक्स मात्र विरत जातं, जुन्या जरीच्या साडीचा काठ कसा कुठं चमकतो कुठं नाही, तसं. डबी लहान असते आणि दाम बघून आधी नको वाटतं, पण 20 मिलीच्या डबीत माझं एक अख्खं कपाट, दोन फ्रेमा झाल्या तरी अर्धी शिल्लक आहे.

आता त्याची नाटकं. ऑइल पेंटच्या गुळगुळीत चकचकीत पृष्ठभागावर ते नीट धरत नाही, आधी बारीक पॉलिश पेपर हलका मारून चमक मोडावी लागते. चॉक पेंटवर, म्हणजे खडूसारख्या बिनचमकीच्या रंगावर, उलटा त्रास, तो सगळं शोषून घेतो, वॅक्स एकदा आत गेलं की डाग निघत नाही. म्हणून चॉक पेंटवर आधी बिनरंगी वॅक्सचा पातळ हात द्या, मग सोनेरी जास्त झालं तरी त्याच बिनरंगी वॅक्सनं पुसून काढता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वॅक्सवर वॉटर बेस व्हार्निश मारू नका. मेणावर पाणी थांबतं का कधी? व्हार्निश जागोजागी फाकून गोल डोळ्यांसारखे ठिपके पडतात, नाहीतर नंतर पापुद्रे निघतात. व्हार्निश द्यायचंच असेल तर आधी द्या, पूर्ण वाळू द्या आणि वॅक्स सगळ्यात शेवटी.

आपल्याकडच्या उन्हाचं पण बोलू. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 डिग्रीला वितळतं, कार्नोबा मेण 80 च्या वर, म्हणजे मे महिन्यात 43-44 झालं तरी ओघळणार नाही. पण मऊ पडतं. मी एकदा एप्रिलात दुपारी गच्चीच्या खोलीत, पत्र्याखाली बसून लावलं, वॅक्स बोटावरच लोण्यासारखं झालं, लागायचं त्याच्या तिप्पट लागलं आणि संध्याकाळी वारं सुटलं तेव्हा रस्त्याची सगळी धूळ त्यावर येऊन बसली. सोनेरीचं मातकट झालं, टर्पेंटाइननं पुसून परत केलं. हाताला कोरडं काही तासांत लागतं पण पक्कं घट्ट व्हायला दोन-चार आठवडे जातात, तेवढे दिवस घासायचं नाही. थंडीत करा, आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, म्हणजे जानेवारीत, हवा कोरडी आणि निवांत असते. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ बसू नका, त्यातलं सॉल्व्हंट पेट घेतं.

मेटॅलिक अॅक्रिलिक पेंट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपा. घेताना फक्त पर्ल आणि मेटॅलिक यात गोंधळू नका, पर्ल जरा पारदर्शक, नुसती झाक देतो, मेटॅलिक जास्त झाकतो. तरी एका हातात होत नाही, दोन लागतात, आणि खाली गेरू किंवा पिवळट मातीच्या रंगाचा हात दिला तर सोनेरी भरीव दिसतं. ब्रशच्या रेघा मात्र दिसतात. पण यावर व्हार्निश बिनधास्त चालतं, आणि म्हणूनच चौरंगाला, खुर्चीच्या हाताला, ड्रॉवरच्या मुठीला हाच. चौरंगावर रोज हळद-कुंकू, तेलाचे थेंब, ओलं फडकं. वॅक्सचं काम तिथं दिवाळीपर्यंत पण टिकायचं नाही, तेलानं मेण सुटतंच. समईशेजारी तर अजिबात नको.

वर्ख हे वेगळंच प्रकरण. मिठाईवरचा तो चांदीचा, हा नाही. क्राफ्टच्या दुकानात मिळतो तो बहुतेक नकली, म्हणजे तांबं आणि जस्त, थोडक्यात पितळेचंच अगदी पातळ पान. त्याला खास गोंद लावायचा, तो चिकट होईपर्यंत थांबायचं, मग पान ठेवायचं आणि मऊ ब्रशनं दाबायचं. पान इतकं हलकं की पंखा बंदच ठेवावा लागतो, सोलापुरात पंखा बंद करून तासभर बसायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. वरून चपडा (लाखेचं पॉलिश) किंवा व्हार्निश दिलं नाही तर पितळाच्या भांड्यासारखं काळं पडतं. पण सपाट किंवा गोल जागेवर जी आरशासारखी चमक येते ती बाकी दोघांना जमत नाही. देव्हाऱ्याच्या कळसाला, जिथं हात लागत नाही, तिथं मी वर्खच घेईन. बारीक कोरीवकामावर मात्र नको, पान फाटतं आणि खोबणीत भोकं राहतात.

पेंटर लोक सोनेरी भुकटी व्हार्निशमध्ये कालवून मारतात तो पण एक मार्ग, मोठ्या कामाला ठीक. पण भुकटी उडते, नाका-तोंडाला नीट मास्क लावा, घरात लहान मूल असेल तर मी सुचवणारच नाही.

वहिनींना एवढंच सांगितलं की चौकटीला वॅक्स, चौरंगाला पेंट आणि वर व्हार्निश, कळसाला वर्ख. लावायच्या आधी टेबलाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे जाते तिथं, बोटभर जागेवर करून दोन दिवस बघा. त्यांना ते सगळं पटलं. आता अडलंय ते शेडवर, हिरव्यावर पिवळं सोनेरी भडक दिसतंय म्हणतात आणि तांबूस घेतलं तर सासूबाई म्हणतात गंज लागल्यासारखं दिसतं.