हळद एकच, कायदे दोन: सहकारी संस्था की उत्पादक कंपनी?

सांगली जिल्ह्यातील दहा-वीस हळद उत्पादक एकत्र येऊन स्वतःचा व्यवसाय उभारण्याचे ठरवतात, तेव्हा नोंदणी कोणत्या कायद्याखाली करायची हा प्रश्न बहुधा शेवटी आणि घाईत सोडवला जातो. वास्तविक तो आधी सुटायला हवा, कारण माणसे तीच असली तरी कायदा बदलला की ती कशाला भितात, सभेला कशासाठी येतात आणि दाद कोणाकडे मागतात, हे सारे बदलते. शिवाय चूक झाली तर मागे फिरणे कठीण असते: सहकारी संस्थेचे उत्पादक कंपनीत (शेतकऱ्यांसारखे उत्पादकच सभासद असलेल्या, कंपनी कायद्याखालील कंपनीत) रूपांतर करण्याची कंपनी कायद्यातील सोय आंतरराज्य, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या संस्थांपुरतीच आहे.

वरवर पाहता दोन्ही रूपे सारखी दिसतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे किमान दहा व्यक्ती लागतात, उत्पादक कंपनीलाही दहा उत्पादक पुरतात, आणि भाग (शेअर) कितीही असले तरी दोन्हीकडे एका सभासदाला एकच मत असते. उत्पादक कंपनीची तरतूद 2002 मध्ये अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून आली, ती मुळी सहकाराचा गाभा राखून शासकीय हस्तक्षेप कमी करण्यासाठीच.

फरक सुरू होतो तो कार्यक्षेत्रापासून. सहकारी संस्थेचे दहा प्रवर्तक वेगवेगळ्या कुटुंबांतील आणि कार्यक्षेत्रात राहणारे असावे लागतात, आणि ते क्षेत्र वाढवायचे तर उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियम, दुरुस्त करून सहकार खात्याच्या निबंधकांची मंजुरी घ्यावी लागते. कंपनीला असे कुंपण नाही. मिरजेच्या गटात उद्या वाळव्याचे किंवा कऱ्हाडचे शेतकरी घ्यायचे असतील, तर ही सवलत मोलाची ठरते.

खरा मुद्दा मात्र निवडणुकीचा आहे. सहकारी संस्थेच्या समितीची मुदत पाच वर्षांची असते आणि तिची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली होते. वसंतदादांच्या काळापासून सहकारात मुरलेल्या आपल्या जिल्ह्यात अशी निवडणूक लागली, की पॅनेल पडतात, पाहुणेरावळे मोजले जातात आणि हळदीच्या प्रतवारीची चर्चा मागे पडते. तरीही हाच कायदा समितीत महिलांसाठी दोन जागा राखून ठेवतो, कलम 83 खाली चौकशीची आणि कलम 88 खाली दोषी पदाधिकाऱ्यांकडून नुकसान वसूल करण्याची वाट देतो. नाराज सभासदाला जिल्ह्यातच दार ठोठावता येते, हे कमी नाही. गावची विकास सोसायटी आणि जिल्हा बँक यांनाही हे रूप ओळखीचे असते.

उत्पादक कंपनीत पाच ते पंधरा संचालक असतात आणि त्यांना जाब विचारण्याचे काम मुख्यतः सभासदांनाच करावे लागते. सर्वसाधारण सभेची गणसंख्या, म्हणजे किमान हजेरी, एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश आहे, म्हणजे चारशे सभासद गोळा करून मिरवणाऱ्या कंपनीला दरवर्षी शंभर जण सभेला आणावे लागतात. इथे धाक निबंधकाच्या चौकशीपेक्षा तारखेचा अधिक असतो. ताळेबंद आणि वार्षिक विवरण उशिरा दाखल केल्यास प्रत्येक अर्जामागे दिवसाला 100 रुपये जादा शुल्क लागते व त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही अर्ज वर्षभर राहिले, तर 73,000 रुपये होतात. सलग तीन वर्षे विवरण न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. 2017 मध्ये देशभरात तीन लाखांहून अधिक संचालकांवर ही वेळ आली होती. अनुदानाच्या आशेने नोंदवलेल्या आणि पुढे कुलूप लागलेल्या कंपन्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

एका गावातील पंधरा जणांना साठवण, हळकुंडांचे पॉलिश आणि उचल (आगाऊ रक्कम) एवढेच हवे असेल, तर माझे मत सहकारी संस्थेच्या बाजूने आहे; निवडणुकीचा ताप गृहीत धरूनच. पूर आला की पेवांतील (जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांतील) माल जातो, हे सांगलीजवळच्या हरिपूरने 2005 मध्ये पाहिले आहे, आणि अशा वेळी गावातल्या गावात एकमेकांना धरून राहणारी संस्था उपयोगी पडते. पावडर करून परजिल्ह्यात, परराज्यात विकायची असेल, तर कंपनी घ्यावी. पण कायद्याने तिला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो; त्याचा पगार आणि सनदी लेखापालाचे शुल्क यांची तीन वर्षांची तरतूद आधी कागदावर मांडावी, आणि ती होत नसेल तर नोंदणी एक हंगाम पुढे ढकलावी.