ट्रॅक्टरचे लाइट बदलण्याआधी अर्थ (अर्थिंग) बघा

बापूंनी 1987 साली घेतलेला मॅसी 1035 अजून आमच्या दारात आहे. इंजिन ठणठणीत, पण दिवे मेणबत्तीगत मिणमिणायचे. कारखाने सुरू झाले की आमच्या पलूस-तासगाव भागात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात, कित्येकींना मागं साधा रिफ्लेक्टर नसतो. असल्या दिव्यांवर रस्त्याला लागायचं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टर घेऊन सांगलीला गेलो.

दुकानाचं नाव लिहीत नाही. पाटी होती, ‘जुन्या ट्रॅक्टरचे लाइट नव्यासारखे करून मिळतील’. मालकानं काच खोलली, आत रिफ्लेक्टरवर बोट घासलं आणि काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "दादा, मुलामा गेलाय. आता पॉलिश करून भागायचं नाही. ओरिजिनल सेट टाकतो, जुने ठेवून घेतो, पाचशे कमी करतो." ते बोट बघून मी गार. वास्तविक ती वर्षानुवर्षांची धूळ आणि धूर होता, आणि रिफ्लेक्टरवर असं बोट घासायचंच नसतं, मुलामा त्यानंच जातो. हे शहाणपण नंतरचं.

3,800 रुपये मोजले. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल पाहिजे तर जीएसटी लागेल." मी म्हटलं, राहू दे. इथं मी अक्कल गहाण टाकली.

पहिल्या रात्री लख्ख उजेड! शेजारची पोरं बघायला आली. तीन आठवडेही झाले नसतील, शेतातनं येताना जळका वास आला आणि स्विचला हात लावला तर चटका. दुसऱ्या दिवशी खोललं. बल्बच्या मागचा कपलर (वायर जोडायचा प्लग) वितळून काळा गोळा झालेला. काच म्हणून बसवलेलं प्लास्टिक, बल्बसमोर त्याला रुपयाएवढा पिवळा फोड. रिफ्लेक्टरची चकाकी कांद्याच्या पापुद्र्यागत सुटत होती.

गावातल्या वायरमनमामांनी बल्ब फिरवून बघितला. 100/90 वॅटचा! जुन्यात 45/40 चे होते. म्हणजे पूर्वी दोन दिव्यांना मिळून साडेसात अँपिअर लागायचे, आता अप्परवर (लांबच्या झोतावर) सोळाच्या वर. वायर तीच जुनी, रिले (जादा करंट स्विचवर न येऊ देणारी डबी) नाही. जळणार नाही तर काय होईल?

पण खरी गंमत पुढं आहे. मामांनी जाळीमागं हात घातला आणि एक नवीकोरी काळी वायर ओढून दाखवली. दिव्यापासून थेट चासीला (ट्रॅक्टरच्या सांगाड्याला), पॉलिश पेपरनं घासलेल्या बोल्टवर घट्ट आवळलेली. शेजारी अर्थचा, म्हणजे करंट चासीतून बॅटरीकडे परत जायच्या जोडाचा, जुना बोल्ट, गंजून तांबडा झालेला. "त्या दुकानदाराला रोग माहीत होता लेका. तुझे दिवे चांगलेच होते, अर्थ मिळत नव्हता."

हे घरी पाच मिनिटांत तपासता येतं. लाइट लावायचे, बॅटरीच्या निगेटिव्हवरनं एक जाड वायर दिव्याच्या पत्र्याला टेकवायची. पत्र्यावर रंग असेल तर जरा खरवडून. उजेड वाढला तर अर्थ खराब, बोल्ट घासून साफ करायचा. मीटर असेल तर लाइट चालू ठेवून त्याच दोन जागी व्होल्ट बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तरी तेच.

परत दुकानात गेलो. "लाइटच्या सामानाला वॉरंटी नसते," एवढंच उत्तर. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन करावा म्हटलं, तर हातात बिल कुठं होतं? निघताना फळीवर नजर गेली. पुसून चकचकीत केलेली जाड काचेची जोडी, एकीच्या खालच्या कडेला नखाएवढा टवका. बापूंच्या हातनं पाना निसटला तेव्हा उडालेला.

"ही कितीला?"

"जुनं ओरिजिनल आहे दादा, आता मिळत नाही. जोडी अडीच हजार."

घासाघीस करून दोन हजाराला घेऊन आलो. बापूंना अजून सांगितलेलं नाही.